गेली म्हणणारी बाई

"गेली!"

अर्डिस टॉलेफ्सनचा आवाज मैदानाच्या पार पलीकडे ओटच्या शेतापर्यंत गेला. लॉइडने बंदूक खाली घेतली, रिकामं काडतूस काढलं आणि मागे वळून न पाहताच म्हणाला, "अर्डिस, एक तुकडा उडाला होता. ह्या डोळ्यांनी पाहिला मी."

"तो पक्षी होता, लॉइड."

"नारिंगी पक्षी?"

"तू नेम धरलास म्हणून लाजला असेल बिचारा. चला, पुढचा!"

रांगेतले बाकीचे चौघे हसले. मंगळवारची संध्याकाळ, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. बारा मंगळवारांच्या सामन्यांतला हा शेवटचा मंगळवार. विस्कॉन्सिनमधल्या त्या खेड्याबाहेर, चीजच्या कारखान्यामागे, क्लबाचं मैदान होतं. समोर जमिनीत अर्धी पुरलेली एक खोली. तिच्यातलं यंत्र मातीच्या नारिंगी तबकड्या भिरकावायचं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि कुठे ते कुणालाच आधी कळायचं नाही. मागे अर्धगोलात पाच जागा, पाच बंदूकवाले. ज्याची पाळी असेल त्याने "सोड!" म्हणायचं, अर्डिसने हातातलं बटण दाबायचं, तबकडी निघायची, बार व्हायचा. पाच जणांचा एकेक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. पाच पाच बार झाले की सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. असे माणशी पंचवीस बार झाले की एक डाव संपला.

अर्डिसचं काम दोनच गोष्टींचं. बटण दाबायचं आणि पाहायचं. तबकडी फुटली तर कागदावर तिरकी रेघ ओढायची आणि गप्प बसायचं. नाही फुटली तर शून्य काढायचं आणि "गेली" म्हणायचं. फुटली म्हणून शाबासकी देण्याची पद्धत नव्हती. लॉइड चाळीस वर्षं गावाचा न्हावी होता, त्यामुळे गावातल्या यच्चयावत लग्नांची त्याला आतून माहिती. तो म्हणायचा, "चांगलं केलं की चकार शब्द नाही, चुकलं की लगेच आवाज. अर्डिसला ही नोकरी शिकवावी लागली नाही. ती संसारातूनच शिकून आली."

एकतीस वर्षं ती त्या उंच खुर्चीवर बसत होती. दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात अडीचशे पोरांची जेवणं रांधायची आणि मंगळवारी संध्याकाळी इथे यायचं. आता शाळेतली नोकरी संपली होती, खुर्ची राहिली होती. स्वतः तिने आयुष्यात एकदाच बंदूक चालवली होती. खांदा आठवडाभर काळानिळा राहिला, तेव्हा तिने बंदुकीला कोपरापासून नमस्कार केला. पण नजर तिची घारीची. ती बापाकडून आली होती. अर्डिसचा बाप चीजच्या कारखान्यात दूध तपासायला होता, आणि त्याने एकदा सख्ख्या भावाचे कॅन पाणी घातलंय म्हणून परत पाठवले होते. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी. काका तीन वर्षं घरी जेवायला आला नाही. चौथ्या वर्षी आला. तोवर त्याचं दूधही सुधारलं होतं.

पहिला डाव संपला आणि सगळे लाकडी क्लबघराकडे निघाले. बाहेर शेगडीवर सॉसेज भाजत होते, टेबलावर बटाट्याचं सॅलड, लोणच्याच्या काकड्या आणि अर्डिसने आणलेला चेरीचा 'पाय', फळं भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. लॉइडचे एकोणीस झाले होते. पाद्रीबुवा गुंडरसन यांचे एकवीस. जोडी नावाच्या मुलीचे तेवीस. ती जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला होती, अडलेल्या गाईला खांद्यापर्यंत हात घालून सोडवणारी, दणकट, हसरी मुलगी. लहानपणी अर्डिसच्या हातचं जेवली होती म्हणून अजून तिला 'टॉलेफ्सनबाई' म्हणे. हार्वे नावाच्या अबोल शेतकऱ्याचे बावीस. आणि अर्डिसचा नवरा व्हर्लिन, त्याचे चोवीस.

"चोवीसराव!" लॉइडने सॉसेजच्या तुकड्याने सलाम ठोकला. "आजवरचे कितवे चोवीस हे?"

"अकरावे," व्हर्लिन म्हणाला. "मोहरी दे इकडे."

क्लबघराच्या भिंतीवर टोप्या होत्या. एकशे त्रेचाळीस. त्यांतली एकही धड नव्हती. कुणाचा पुढचा छज्जा गेलेला, कुणाची नुसतीच कड उरलेली, कुणाची चाळणी झालेली. क्लबाचा रिवाजच तसा होता. ज्याचे आयुष्यात पहिल्यांदा पंचवीसच्या पंचवीस फुटतील, त्याने आपली टोपी हवेत उंच फेकायची आणि रांगेतल्या सगळ्यांनी ती उडवायची. मग जे काही खाली पडेल ते खाली नाव-तारीख लिहून भिंतीवर. लॉइडची टोपी तिथे होती, पाद्रीबुवांची होती, हार्वेची होती. जोडीची तर दुसऱ्याच वर्षी लागली. व्हर्लिन सदतीस वर्षं येत होता. त्याची नव्हती.

त्याची टोपी त्याच्या डोक्यावर होती. हिरवी, समोर भरतकामाची गाय असलेली, दूध संघाने निवृत्तीच्या दिवशी दिलेली. चाळीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. बर्फात, चिखलात, रोज पहाटे, आणि एकदाही दूध नासू दिलं नाही. पण पंचविसावी तबकडी काही त्याला वश झाली नाही. कधी दुसरीच चुकायची, कधी चौदावी. चार वेळा तर अगदी शेवटची. आणि त्या चारही वेळी "गेली" म्हणायला त्याचीच बायको.

"पुढच्या वर्षी," जोडी चेरीचा पाय खाता खाता म्हणाली. "पुढच्या वर्षी तुमची टोपी मीच उडवणार."

व्हर्लिनने अर्डिसकडे पाहिलं. अर्डिसने काकडीच्या बरणीचं झाकण उगाचच घट्ट केलं.

पुढचं वर्ष नव्हतं, आणि ते दोघांनाच माहीत होतं. जूनमध्ये व्हर्लिन तिला म्हणाला होता की विजेचे खांब मधोमध वाकलेले दिसतात. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग दोन्ही डोळ्यांत जाणार. कडा राहतील. आत्ता नुसतं धुकं आहे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मधलं काही दिसणार नाही. व्हर्लिनने सगळं ऐकून घेतलं आणि घरी येताना गाडीत एवढंच म्हणाला, "ह्या वर्षीचे मंगळवार पुरे करतो. आणि मंडळींना सांगू नकोस. लॉइड दया दाखवायला लागला तर मला सोसणार नाही. त्याला ती येतच नाही."

म्हणजे उरला होता एक डाव. पंचवीस तबकड्या.

दुसरा डाव सुरू झाला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. अर्डिसने आपली गवती टोपी नीट केली. रुंद काठाची, निळ्या फितीची, चौदा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या जत्रेत घेतलेली, लाडकी टोपी. लॉइड म्हणायचा, ही एखाद्या गाईच्या नजरेस पडली तर दुपारच्या आत संपेल.

पहिल्या पाचांत व्हर्लिनच्या पाच फुटल्या. दहाला दहा. रांगेत तो शेवटचा, म्हणून प्रत्येक फेरीचा शेवटचा बार त्याचा. मान किंचित डावीकडे कलती करून तो उभा राहत होता. ही सवय नवी होती, आणि त्याचं कारण एकट्या अर्डिसला माहीत होतं. लॉइडला वाटलं मान अवघडली असेल.

पंधराला पंधरा झाल्या आणि लॉइडची बडबड थांबली. कुणाच्या सगळ्या फुटत चालल्या की त्याबद्दल बोलायचं नाही, आकडा उच्चारायचा नाही, त्याच्याकडे पाहायचंही नाही, असा तिथला संकेत होता. संकेत पाळला जातोय हे सगळ्या मैदानाला कळलं, कारण लॉइड गप्प बसला की गावात कुणीतरी गेलंय असंच वाटे. पाद्रीबुवांनी आपला बार चुकवला. अर्डिस "गेली" म्हणाली, तर त्यांनी नुसतं मान डोलावून पुढच्याला जागा दिली. त्यांचंही लक्ष आपल्या तबकडीवर नव्हतं.

वीसला वीस. सगळे शेवटच्या जागांवर सरकले. अर्डिसच्या तळहाताला घाम आला आणि बटण निसटायला लागलं. तिने हात झग्याला पुसला. एकविसावी, चुराडा. बाविसावी, दोन तुकडे. तेविसावी तर इतकी फुटली की शेताच्या बाजूला नुसती नारिंगी भुकटी उडाली. चोविसावी. तिने चोविसावी तिरकी रेघ ओढली.

शेवटची फेरी. लॉइडची फुटली. जोडीची फुटली. पाद्रीबुवांची फुटली. हार्वेची गेली, आणि हार्वेने ओठ घट्ट मिटून घेतले.

व्हर्लिनने काडतूस घातलं. बंदूक खांद्याला लावली. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला.

"सोड!"

तबकडी उजवीकडे निघाली, चपळ, खालून. बार झाला. तबकडीच्या अंगावरून राखाडी धुळीचा एक छोटासा भपका उठला, ती हवेत डुगडुगली, आणि तशीच पुढे जाऊन दूर गवतात उतरली.

"हो!" लॉइडने स्वतःचीच टोपी डोक्यावरून ओढून काढली होती. जोडी उड्या मारत होती. पाद्रीबुवांचा हात वर गेला होता.

अर्डिस खुर्चीत बसली होती. तिने पाहिलं होतं. धूळ उडाली होती, तुकडा उडाला नव्हता. नियम एका ओळीचा होता आणि तो तिला झोपेतही पाठ होता. डोळ्याला दिसेल असा तुकडा तबकडीपासून सुटला पाहिजे. नुसती धूळ म्हणजे काही नाही. पण तिला काही करावंच लागणार नव्हतं. काही न बोलणं म्हणजेच फुटली. तोंड उघडलं नाही की झालं. सदतीस वर्षांचं सार्थक झालं असतं, हिरवी टोपी उडाली असती, भिंतीवर लागली असती. कुणी तिला खोटं बोललीस असं म्हणूही शकलं नसतं, कारण ती बोललीच नसती. त्या क्षणी तिला नवरा इतका हवासा आणि नियम इतका नकोसा वाटला, की डोळ्यांत पाणी आलं.

"गेली," ती म्हणाली.

आवाज लहान होता. पण सगळ्यांनी ऐकला.

"काय?" लॉइड खुर्चीपाशी आला. "अर्डिस, तुकडा उडाला! मी पाहिला!"

"धूळ होती, लॉइड."

"बाई गं, तो तुझा नवरा आहे! माझ्या बाबतीत कर तुझा काटेकोरपणा, मी सवयीचा आहे. पण... बुवा, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलायचे नाही. तुकडा होता की नाही?"

पाद्रीबुवांनी टोपी काढून टक्कल खाजवलं. "मला... वाटलं."

"वाटलं की दिसलं?" अर्डिसने विचारलं.

पाद्रीबुवांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. जोडी पायाने गवत उकरत म्हणाली, "टॉलेफ्सनबाई, एकदा पुन्हा विचार करा ना. एकदाच."

अर्डिसने शून्य काढलं. वाटोळं, स्वच्छ, शाळेतल्या बाईंनी शिकवल्यासारखं.

व्हर्लिनने बंदूक उघडून रिकामी केली, फळीवर ठेवली आणि म्हणाला, "लाल झेंडा लावा. मी खाली जातोय."

लाल झेंडा म्हणजे मैदानात माणूस आहे, कुणी काडतूस घालायचं नाही. जोडीने झेंडा चढवला. व्हर्लिन यंत्राच्या खोलीवरून पुढे, तुकड्यांनी नारिंगी झालेल्या गवतातून चालत निघाला, मान डावीकडे कलती ठेवून.

"पुरावा आणायला गेलाय," लॉइड म्हणाला. "आण म्हणावं. आणि फुटलेली निघाली तर अर्डिस, तू गावाला चेरीचा पाय खाऊ घालायचा. वर्षभर!"

अर्डिस हसली नाही. तिच्या डोळ्यांवर तिचा एवढा विश्वास, पण तबकडी लांब होती, वय तिचंही सदुसष्ट होतं. काठाचा एक लहानसा तुकडा निघालाच असेल तर? तर तिने त्याची शेवटची तबकडी स्वतःच्या तोंडाने घालवली होती, आणि दुरुस्तीला पुढचं वर्ष नव्हतं. दूर गवतात व्हर्लिन वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. त्याने मधलं सोडून कडेने शोधायचं ठरवलं असणार. ती मनातल्या मनात त्याला दिशा सांगत होती, उजवीकडे, अजून, त्या ओकच्या बुंध्याच्या अलीकडे.

बऱ्याच वेळाने तो उभा राहिला. हातात काहीतरी होतं. परत येताना घाई नव्हती. तो थेट खुर्चीपाशी आला आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं.

तबकडी अख्खी होती. काठ शाबूत. मधे तीन भोकं होती, आरपार, छर्‍यांची.

लॉइडने ती उचलून उन्हासमोर धरली. तीन भोकांतून तीन ठिपके त्याच्या नाकावर पडले. "तीन छर्रे पोटातून गेले आणि बया फुटली नाही," तो म्हणाला. "असला चिवटपणा मी फक्त एका बाईत पाहिलाय."

आता मात्र पाद्रीबुवा खो-खो हसले, आणि त्यांच्या मागोमाग सगळेच. अर्डिस हसत नव्हती. ती व्हर्लिनकडे पाहत होती.

"टोपी दे," व्हर्लिन म्हणाला.

"कुठली?"

"तुझी. डोक्यावरची."

"का?"

तो इतरांकडे वळला. "एकतीस वर्षं ही इथे बसतेय. हिचं किती वेळा चुकलं, कुणी मोजलंय?"

"मी," लॉइड म्हणाला. "मी मोजलंय. एकदाही नाही. मी जिवाचं रान केलं, तरी नाही."

"मग माझ्या हिशेबाने हे पंचवीसपेक्षा जास्त झालं. आणि हिची टोपी अजून धड आहे."

"व्हर्लिन, हे नियमात नाही," अर्डिस खुर्चीतून उतरली. "टोपी बंदूकवाल्याची असते. आणि ही जत्रेतली आहे. चौदा वर्षं सांभाळलेली! फीत मी स्वतः..."

"अर्डिस," व्हर्लिन म्हणाला, "आयुष्यात एकदा गप्प बस."

झेंडा उतरला. पाचही जणांनी एकेक काडतूस घातलं. मधल्या जागेच्या जरा पुढे, बाजूला उभं राहून फेकायचं, हे अर्डिसने एकशे त्रेचाळीस वेळा नाही तरी शंभर वेळा पाहिलं होतं. तिने गवती टोपी काठाला धरली, फितीवरून एकदा बोट फिरवलं आणि शाळेत पॅनकेक उलटताना मनगटाला द्यायची तसा झटका देऊन ती उंच भिरकावली, आणि मागे पळाली. टोपी वाऱ्यावर चढली, तिथे क्षणभर थांबली. पाच बार एकदम झाले. गवताच्या काड्या सगळ्या मैदानावर भुरभुर खाली येत राहिल्या, आणि निळी फीत सर्वांत शेवटी.

सगळे वळून अर्डिसकडे पाहू लागले.

ती काही बोलली नाही.

"फुटली!" जोडी ओरडली, आणि हार्वेने, ज्याचा आवाज त्या उन्हाळ्यात कुणी ऐकला नव्हता, शीळ घातली.

व्हर्लिनने बंदूक उघडली. त्यातलं रिकामं काडतूस त्याने इतरांसारखं डब्यात टाकलं नाही. खिशात ठेवलं.

टोपीचं जे उरलं होतं, अर्धा काठ आणि फीत, ते लॉइडने स्वतः शिडीवर चढून भिंतीला ठोकलं. खाली नाव लिहिलं, तारीख लिहिली. "चोवीसराव, पुढच्या वर्षी तुझी," तो शिडीवरून म्हणाला. व्हर्लिन म्हणाला, "खिळा वाया घालवू नकोस, लॉइड," आणि मग, सगळे तिथेच होते म्हणून, त्याने डोळ्यांचं सांगून टाकलं. चार वाक्यांत. लॉइड शिडीवरच उभा राहिला. त्याला खरंच दया दाखवता येत नव्हती. तो म्हणाला, "म्हणजे आता तुझे केस मी कसेही कापले तरी चालतील," आणि खाली उतरून त्याने व्हर्लिनचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

गाडीपाशी आल्यावर व्हर्लिनने किल्ली खिशातून काढली आणि अर्डिसच्या हातात दिली. चाळीस वर्षं टँकर चालवलेला माणूस, बायकोला कधी त्याने चाक दिलं नव्हतं. तो पलीकडच्या बाजूने चढला. मावळतीचं ऊन समोरच्या काचेतून थेट तिच्या डोळ्यांवर येत होतं, आणि डोक्यावर टोपी नव्हती.

"मी गप्प बसले असते तर?" तिने गाडी चालू न करताच विचारलं. "एवढं एकदा."

व्हर्लिनने विचार केला. "एकतीस वर्षं तुझा आवाज आला नाही की मी समजतो, फुटली. बघायलाही लागत नाही. आता तर मला बघताच येणार नाही. तू काय म्हणतेस आणि काय म्हणत नाहीस, एवढ्यावरच माझं चालायचंय. ते नासून कसं चालेल?"

व्हर्लिनने डोक्यावरची हिरवी टोपी काढली, मागचा पट्टा आवळून लहान केला आणि तिच्या डोक्यावर बसवली. गाय समोर आली.

"ऊन लागतं तुला," तो म्हणाला. "चल. आणि दुसरा गिअर जरा अडकतो."

पुढच्या जूनमध्ये नवे सामने सुरू झाले तेव्हा उंच खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची होती. तिच्यात व्हर्लिन बसला होता, हातात बटण घेऊन. "सोड" ऐकायला डोळे लागत नाहीत. जोडी पहिल्या जागेवर उभी राहिली, बंदूक खांद्याला लावली, आणि "सोड!" म्हणाली. व्हर्लिनने बटण दाबलं. बार झाला. तो मान कलती करून वाट पाहत राहिला.

"गेली," हिरव्या टोपीखालून आवाज आला.

"टॉलेफ्सनबाई, तुकडा होता!"

"नव्हता," व्हर्लिन म्हणाला, आणि पुढच्या पाळीसाठी अंगठा बटणावर ठेवला.